शंभरातली वाईन-सफर: एक फसलेला दिवस, एक सावरलेला

चार माणसं, एक दिवस आणि हातात ठरावीक रक्कम. द्राक्षबागांच्या पट्ट्यात जायचं, वायनऱ्या बघायच्या, वाईन चाखायची आणि संध्याकाळी घरी यायचं, एवढाच बेत. पहिल्यांदा गेलो तेव्हा दुपारी अडीचच्या सुमारास पैसे संपले आणि उरलेला दिवस मित्राच्या कार्डावर निघाला. आठ महिन्यांनी तीच चार माणसं तेवढीच रक्कम घेऊन पुन्हा गेली, तेव्हा मात्र पैसे उरले. दोन्ही दिवसांचा खर्च मित्राच्या वहीत पैन्‌पै लिहिलेला आहे. त्याला ती खोड आहे आणि आम्ही तिची टिंगल करत आलो. हे प्रकरण त्या वहीच्या जिवावरच लिहितो आहे.

मंडळी अशी: मी, माझा मित्र, त्याची थोरली बहीण आणि तिचे यजमान. मित्राचं बघून मीही त्यांना ताई आणि भावोजीच म्हणतो. चौघांपैकी वाईनमधलं खरं कळत कोणालाच नाही. ताईचं नाक मात्र तिखट आहे, त्याचा उल्लेख पुढे येईल.

खर्चाचा खरा आकडा सांगण्यात अर्थ नाही, कारण टेस्टिंगची फी जागेगणिक आणि हंगामागणिक बदलते. म्हणून आमची ठरलेली रक्कम शंभर धरतो आणि खर्चाचे वाटे त्या हिशेबात देतो.

पहिला दिवस

चार वायनऱ्या ठरवल्या होत्या. ‘एवढं लांब जातोय तर दोनच कशाला?’ हा युक्तिवाद माझाच होता. चौघांनाही चाखायचं असल्यामुळे चालकासकट दिवसभरासाठी गाडी केली. तिचे चौतीस. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला इथूनच सुरू झाला, कारण पहिल्या तीन ठिकाणी मिळून चौघांच्या टेस्टिंगची फी झाली चोवीस, म्हणजे वाईनपेक्षा वाईनपर्यंत पोचणंच महाग.

फीचा हिशेब साधा होता. माणशी एक फ्लाइट, म्हणजे पाच वाईनचा एकेक छोटा घोट, फी दोन. चौथी वायनरी नामांकित होती. तिथे दोन पर्याय ठेवले होते, साधी फ्लाइट दोनला आणि रिझर्व्ह, म्हणजे जास्त मुरवलेल्या खास वाईनची, चारला. तोवर आम्ही अशा अवस्थेत होतो की साधी मागायची लाज वाटली. चौघांनी रिझर्व्ह घेतली. सोळा गेले.

दुपारचं जेवण तिसऱ्या वायनरीच्या गच्चीवर झालं. समोर बाग, ऊन उतरतीला, टेबलावर पांढरं कापड. एकवीस.

आणि बाटल्या. दिवसभरात सात घेतल्या, सरासरी प्रत्येकी सात. एकोणपन्नास.

बेरीज करा: गाडी चौतीस, फी चाळीस, जेवण एकवीस, बाटल्या एकोणपन्नास. एकशे चव्वेचाळीस. शंभराच्या बेतात चव्वेचाळीस वर.

घरी परतल्यावर आम्ही दोष दिला फीला. ‘चाखण्याचे कसले एवढे पैसे?’ असं चौघेही एकमुखाने म्हणालो. मित्र काही बोलला नाही. दोन दिवसांनी त्याने वहीचं पान पाठवलं. त्यावर बाटल्यांची नोंद वायनरीवार केलेली होती: पहिल्या ठिकाणी शून्य, दुसऱ्या ठिकाणी एक, तिसऱ्या ठिकाणी दोन, चौथ्या ठिकाणी चार. खाली एकच वाक्य: ‘वाईन चांगली होत गेली की आपण?’

वहीचं पान वाचताना

ते पान मी बराच वेळ बघत बसलो. शून्य, एक, दोन, चार. यात चवीचा काही संबंध असेल असं मानायला मन तयार होईना. म्हणून मी घोटांची मोजदाद केली.

टेस्टिंगचा एक घोट साधारण तीस मिलिलिटरचा असतो. पाच घोटांची फ्लाइट म्हणजे दीडशे मिलिलिटर, म्हणजे जेवणाबरोबर घेतो तसा एक पूर्ण ग्लास. ‘नुसतं चाखतोय’ या शब्दांमुळे हा ग्लास ग्लास वाटत नाही, एवढंच. अशा चार फ्लाइट माणशी सहाशे मिलिलिटर होतात. बाटली साडेसातशेची असते. म्हणजे आम्ही प्रत्येकाने पाऊण बाटलीहून जास्त वाईन उन्हात, सहा तासांत, अर्धवट उभ्याने संपवली होती. वाईनमध्ये तेरा टक्के अल्कोहोल धरलं तर शुद्ध अल्कोहोल साधारण साठ ग्रॅम भरतं. शरीर तासाला ढोबळमानाने सात ते दहा ग्रॅम निस्तरतं, तेही माणसागणिक कमीजास्त. चौथ्या वायनरीच्या काउंटरवर उभे असताना आमची निर्णयशक्ती कुठे होती, हे सांगायला वेगळा पुरावा नको.

त्यात जिभेचीही दमछाक झालेली. रेड वाईनमधला तुरटपणा येतो टॅनिनमुळे. द्राक्षाच्या सालीत, बियांत आणि वाईन मुरवायच्या पिंपांच्या ओक लाकडात ते असतं. रेड वाईन सालींसकट आंबवतात म्हणून तिच्यात ते उतरतं. व्हाइटसाठी रस आधीच पिळून सालींपासून वेगळा करतात म्हणून तिच्यात फारसं नसतं. हे टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरतं आणि तोंडाचं वंगण निघून जातं. त्या कोरड्या तोंडाने पुढची व्हाइट घेतली की ती नुसती पातळ आणि आंबट लागते. म्हणून कुठलीही शहाणी फ्लाइट हलक्या व्हाइटपासून सुरू होऊन जड रेडपर्यंत आणि शेवटी गोड वाईनपर्यंत जाते. एका वायनरीपुरती ही चढण बरोबर असते. आम्ही मात्र एका दिवसात चार वेळा डोंगर चढलो. दर नव्या ठिकाणी कडक रेडनंतर पुन्हा पहिल्या व्हाइटवर. चौथ्या ठिकाणची व्हाइट ‘अगदीच पाणी’ असं आम्ही म्हणालो होतो. तीच व्हाइट पहिल्या घोटाला मिळाली असती तर काय म्हणालो असतो, देव जाणे.

रिझर्व्हची गोष्ट आणखी निराळी. तळघरातला मंद उजेड, जड काच, हळू आवाजात बोलणारा माणूस. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात माणसांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून वाईन पाजली होती. एकच वाईन दोन वेगवेगळ्या किमती सांगून दिली, तर महाग म्हणून सांगितलेला घोट लोकांना जास्त आवडला आणि मेंदूच्या सुखाशी निगडित भागातली हालचालही वाढली. म्हणजे ते शिष्टपणाने खोटं बोलत नव्हते, त्यांना खरंच जास्त छान लागलं होतं. आमच्या त्या चार बाटल्यांवर माझा राग आहे तो याच कारणाने. तळघरात त्या खरोखर छान लागल्या होत्या.

एक चूक मात्र निव्वळ कारकुनी होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या वायनरीत एक बाटली घेतली की एका फ्लाइटची फी माफ होती. आम्ही फी दारात भरली, बाटल्या निघताना दुसऱ्या काउंटरवर घेतल्या. दोन पावत्या वेगळ्या, त्यामुळे माफी नाही. तीन बाटल्या, सहा गेले. आत शिरतानाच एक प्रश्न विचारला असता तर वाचले असते.

उरलेल्या महिन्यांत बाटल्या उघडत गेलो. सातपैकी दोन मनापासून आवडल्या. त्यातली एक दुकानात वायनरीपेक्षा कमी किमतीत दिसली तेव्हा ताई वैतागली. यात लबाडी काही नाही. मोठ्या वायनऱ्यांची वाईन दुकानांतून विकली जाते आणि आपल्याच दुकानदारांना त्या सहसा भावात मागे टाकत नाहीत. दुकानदार उलट सवलती देतात. दारात जाऊन विकत घेण्यासारखी असते ती बाहेर न मिळणारी वाईन.

दुसऱ्या दिवसाची आखणी

आठ महिन्यांनी पुन्हा जायचं ठरलं तेव्हा पहिला वाद गाडीवरून झाला. चौतीस वाचवायचे तर चौघांपैकी एकाने गाडी चालवायची, आणि त्याने एक घोटही घ्यायचा नाही. थुंकून चाखलं तरी थोडं पोटात जातंच आणि तोंडाच्या अस्तरातूनही शोषलं जातं, त्यामुळे ‘मी फक्त थुंकेन’ ही पळवाट आधीच बंद केली. भावोजी म्हणाले, “मी चालवतो. मला तसंही त्या पिंपांत जास्त रस आहे.” आणि मग ताई सहज म्हणून गेली, “मग पाकीटही तुमच्याकडेच राहू द्या.”

सबंध आखणीतली सगळ्यात कामाची गोष्ट हीच ठरली. चाखणारा एक, पैसे देणारा दुसरा. खरेदीचा नियमही साधा केला: आवडलेल्या वाईनवर वहीत खूण करायची, बाहेर येऊन वीस मिनिटं झाडाखाली बसायचं, पाणी प्यायचं आणि तरीही हवीशी वाटली तर भावोजींना सांगायचं. ताईने वहीत चार रकाने आखले: वास, आंबटपणा, तुरटपणा आणि ‘पुन्हा घेईन का?’ शेवटच्या रकान्यात फक्त हो किंवा नाही. ‘बरी आहे’ लिहायला बंदी.

बाकी तयारी किरकोळ. सुट्टीचा दिवस टाळला, सकाळी दार उघडताच पोचायचं ठरवलं आणि जेवण घरून नेलं. द्राक्षतोडणीचा काळही मुद्दाम टाळला. तो बघायला सुंदर असतो खरा, पण तेव्हा कोणाला बोलायला फुरसत नसते. तीन ठिकाणं ठरली: दोन वायनऱ्या आणि एक छोटा बागायतदार, जो आपल्याच द्राक्षांची वाईन करून घरच्या ओसरीवर विकतो. तिन्ही ठिकाणी आधी फोन केला. एक फ्लाइट दोघांत वाटून घेता येते का? बाटली घेतल्यास फी वळती होते का, आणि एका बाटलीमागे किती? न पिणाऱ्या माणसाची फी लागते का? विचारताना संकोच वाटला. उत्तर देणाऱ्यांना मात्र वाटला नाही. दिवसातून दहा वेळा हेच विचारलं जात असावं.

पहिली वायनरी

इथे वाटून घ्यायला परवानगी होती. आम्ही तिघांत दोन वेगवेगळ्या फ्लाइट घेतल्या, एक व्हाइटची, एक रेडची, आणि रिकामे ग्लास जास्तीचे मागितले. फी चार. दहा वाईन, प्रत्येकाच्या वाट्याला दहा-दहा मिलिलिटर. मित्राने ग्लासाच्या बुडाशी जेमतेम टेकलेली वाईन बघून विचारलं, “हे प्यायचं की डोळ्यांत घालायचं?”

पण पुरतं तेवढं. एका घोटात वास घेऊन होतो, दुसऱ्यात जिभेवर फिरवून होतं. काउंटरवर धातूची झाकणवाली बादली होती. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतलं पितळी तस्त डोळ्यांसमोर आणा, म्हणजे झालं. आपण पान खाऊन थुंकणारी माणसं, पण चारचौघांत वाईन थुंकायची वेळ आली तेव्हा तिघेही अवघडलो. पहिला मान ताईने घेतला. तिने गाल फुगवले, मान पुढे केली आणि बारीक धार नेमकी बादलीत सोडली. काउंटरमागची मुलगी म्हणाली, “सराव दिसतोय.” ताई म्हणाली, “लहानपणी आंब्याच्या कोयी उडवायचो.” मित्राची धार त्याच्याच सदऱ्यावर गेली, तो डाग अजून आहे. आणि हो, तो सकाळी अत्तर लावून आला होता. पहिल्या तीन वाईनना आम्हाला एकच वास येत होता, चंदनाचा. शेवटी त्याला टेबलाच्या टोकाला बसवलं.

दरम्यान भावोजी तळघर बघायला गेले होते. तळघराची फेरी फुकट होती, टेस्टिंग वेगळं. ते परत येईनात म्हणून मीही खाली उतरलो. गमबूट घातलेला एक तरुण कर्मचारी पिंपावर बोटांनी टकटक करून त्यांना काहीतरी समजावत होता. ओकचं नेहमीचं पिंप दोनशे पंचवीस लिटरचं, त्यातून तीनशे बाटल्या भरतात. लाकूड श्वास घेतं, वाईन थोडी थोडी उडून जाते, म्हणून अधूनमधून वरून भर घालावी लागते. नव्या पिंपाचा वास आणि चव वाईनला भरपूर लागते. तीन-चार हंगामांनंतर लाकूड जवळजवळ मुकं होतं, मग ते फक्त भांडं.

“म्हणजे रिझर्व्हची किंमत चवीची नाही, लाकडाची आणि थांबण्याची,” भावोजी म्हणाले.

“चवीचीही असते,” तो हसला, “पण बिल लाकडाचं आणि थांबण्याचं येतं.”

मला दोन्ही दिवसांतलं सगळ्यात उपयोगी वाक्य हे वाटलं, आणि ते फुकट मिळालं. नव्या पिंपाची किंमत तीनशे बाटल्यांवर वाटली जाते, वर्ष-दीड वर्ष माल अडकून पडतो त्याचं व्याज चढतं. ज्याला व्हॅनिला, भाजलेलं लाकूड, धूर असले वास आवडतात त्याने ती किंमत द्यावी. ताईच्या वहीत ओकवाल्या तिन्ही वाईनपुढे ‘नाही’ होतं. मग तिने रिझर्व्हचे पैसे का द्यावेत?

इथून एकही बाटली घेतली नाही. वीस मिनिटं झाडाखाली बसल्यावर दोन खुणा होत्या त्याही पुसल्या गेल्या.

दुसरी वायनरी आणि बागायतदार

दुसऱ्या ठिकाणी वाटून घेता येत नव्हतं. टेबलावर बसणाऱ्या प्रत्येक चाखणाऱ्याला एक फ्लाइट सक्तीची. तिघांचे सहा. एक बाटली सातला घेतली, तिच्यामागे एका फ्लाइटचे दोन माफ. एकूण अकरा. या माफीबद्दल एवढंच म्हणेन की ती बाटली तुम्ही तशीही घेणार असाल तरच ती माफी. दोन वाचवायला सात घालवणं याला काटकसर म्हणत नाहीत. इथे आम्ही ती व्हाइट खरोखरच घेणार होतो, ताईचं ‘हो’ झाडाखालीही टिकलं होतं. बाकी या वायनरीबद्दल सांगण्यासारखं काही नाही. छान होती, स्वच्छ होती.

बागायतदाराकडे मात्र आमची आखणी कोसळली.

बागेच्या मालकाने स्वतः आपली वाईन दारात विकावी ही पद्धत जुनी आहे. ऑस्ट्रियात १७८४ साली सम्राट दुसऱ्या जोसेफने द्राक्ष पिकवणाऱ्यांना आपली वाईन थेट विकायची मोकळीक दिली, आणि तिथली अशी घरगुती मद्यगृहं आजही दारावर हिरवी फांदी टांगून ‘चालू आहे’ असं सांगतात. आमच्या यजमानाच्या दारावर फांदी नव्हती, पण बाकी सगळा थाट तोच. ओसरी, लाकडी बाक आणि मालक स्वतः ओतणारा. फी नाही. त्याने आमच्यासाठी तीन नव्या बाटल्या फोडल्या. चाखणारे आम्ही तिघंच होतो, म्हणजे उरलेली वाईन बहुधा त्याच्याच स्वयंपाकघरात जाणार. तास-दीड तास तो बोलला. वेलींची छाटणी, माती, रोग. भावोजींचं बालपण शेतात गेलेलं, त्यामुळे दोघांची जी गट्टी जमली ती बघायला मिळाली म्हणूनही ती सफर मला आवडली.

निघायची वेळ आली. वहीत एकाच वाईनपुढे ‘हो’ होतं. झाडाखाली बसायचा नियम पाळायची सोय नव्हती, झाड त्याच्याच अंगणात होतं. आणि एक थेंबही न घेतलेल्या भावोजींनी, ज्यांच्याकडे पाकीट एवढ्यासाठीच दिलं होतं, त्यांनी तिन्ही प्रकारांची एकेक बाटली बांधायला सांगितली. प्रत्येकी पाच, पंधरा गेले.

गाडीत ताईने विचारलं, “अहो, तीन कशाला?”

“त्याने तीन फोडल्या आपल्यासाठी,” भावोजी म्हणाले.

भीड भिकेची बहीण, ती हीच. पहिल्या दिवशीच्या खरेदीचा सगळा दोष आम्ही नशेवर टाकला होता. शुद्धीवरचा माणूस पहारेकरी नेमला की प्रश्न मिटला असं वाटलं होतं. पण नशा आणि भीड ही दोन वेगळी दुखणी आहेत. फुकट टेस्टिंग खरं फुकट नसतं. फीच्या जागी तिथे माणसाचा वेळ आणि अगत्य येतं, आणि त्याचा मोबदला दिल्याशिवाय आपला पाय निघत नाही. माझं मत सांगायचं तर छोट्या उत्पादकाकडे एक बाटली घ्यायचीच असं धरून जावं आणि तिचे पैसे आधीच बाजूला काढावेत. एकीने अगत्याचं देणं फिटतं. दुसरी आणि तिसरी हा आपला भिडस्तपणा. मित्राला हे पटत नाही. त्याच्या मते ते पंधरा दिवसभरातले सगळ्यात सत्कारणी लागलेले पंधरा होते, कारण तेवढं शहाणपण दुसऱ्या कोणी दिलं नाही. त्याच्या वहीत त्या नोंदीपुढे ‘बाटल्या’ असं नाही, ‘शिकवणी’ असं लिहिलेलं आहे.

दिवसाचा एकूण खर्च: इंधन नऊ, पहिली वायनरी चार, दुसरी अकरा, बागायतदार पंधरा, घरून नेलेल्या शिदोरीचे चार. त्रेचाळीस. सतरा-अठरा वाईन चाखून झाल्या, आणि माणशी साडेतीनशे मिलिलिटरसुद्धा ग्लासात पडली नाही. त्यातलीही निम्म्याहून जास्त बादल्यांत गेली.

उरलेल्या सत्तावन्नातले वीस

पैसे उरले तेव्हा मला एक जुनी शंका फेडून घ्यायची होती. पहिल्या दिवशीच्या त्या रिझर्व्हपैकी एक बाटली अजून कपाटात होती, कॅबर्ने सोव्हिन्यॉन नावाच्या द्राक्षाची. तिच्याच जातीच्या द्राक्षाच्या चार बाटल्या दुकानातून आणल्या, वेगवेगळ्या उत्पादकांच्या, स्वस्तापासून मध्यमापर्यंत. चारींचे मिळून वीस. आणखी चार मित्रमंडळी बोलावली. म्हणजे आठ जण चाखणारे, कारण वाढपी कोणीतरी वेगळा हवा, म्हणून शेजारचे एक काका मदतीला.

काकांनी पाचही बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या, रबर लावले, आकडे टाकले. पहिल्याच मिनिटाला भावोजी म्हणाले, “दोन नंबर रिझर्व्ह आहे.” कसं ओळखलंत म्हटलं, तर तिच्या गळ्यावरची सोनेरी फॉइल कागदातून डोकावत होती. पुन्हा सगळ्या आत नेल्या, पाचही गळ्यांवरच्या फॉइल सोलल्या, आकडे बदलले. जड बाटली हातात घेतानाही कळते, म्हणून ओतायचं फक्त काकांनी. माणशी पन्नास मिलिलिटर, ट्यूलिपसारख्या आत वळलेल्या साध्या ग्लासात. टेस्टिंगसाठीच्या प्रमाणित ग्लासाचा आकारही तसाच असतो आणि त्यात ओततातही तेवढंच.

निकाल: सगळ्यात स्वस्त बाटली दुसरी आली. रिझर्व्ह चौथी.

टाळ्या वाजल्या, पण मी आमच्याच निकालावर पाणी ओततो. रिझर्व्हची बाटली आठ महिने आमच्या स्वयंपाकघरातल्या वरच्या कप्प्यात उभी होती, उकाड्यात. तिचं काय झालं असेल त्याला वायनरी जबाबदार नाही. शिवाय उरलेल्या वाईनमधून आम्ही आणखी एक खेळ केला. तीन ग्लास, दोनांत एकच वाईन, तिसऱ्यात वेगळी, वेगळी कोणती ते ओळखायचं. दुकानातली सगळ्यात महाग आणि सगळ्यात स्वस्त घेतली होती. आठांपैकी तिघांनी बरोबर ओळखलं. नुसता अंदाज मारला तरी तिनात एक बरोबर येतो, म्हणजे आठात दोन-तीन. जे एकमेकांपासून वेगळंच ओळखता येत नाही, त्याला दुसरा आणि तिसरा क्रमांक देणाऱ्या जिभांचा निकाल किती मनावर घ्यायचा?

तरीही एकटे आम्हीच अडाणी नाही. आणखी एक अभ्यास २००८ सालीच प्रसिद्ध झाला होता. त्यात सहा हजारांहून जास्त वेळा झाकून चाखलेल्या वाईनच्या नोंदी होत्या. किंमत माहीत नसताना सामान्य माणसांना महाग वाईन जास्त आवडली नाही, उलट किंचित कमीच आवडली. वाईनचं रीतसर शिक्षण घेतलेल्यांचं मात्र तसं नव्हतं. आणि जाणकारही झाकल्या बाटलीपुढे गोंधळतात. २४ मे १९७६ ला पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर या ब्रिटिश वाईन व्यापाऱ्याने अशीच झाकून चाखणी ठेवली, तेव्हा फ्रेंच परीक्षकांनी व्हाइट आणि रेड दोन्हींत कॅलिफोर्नियाच्या वाईनना पहिलं ठरवलं होतं, शातो मोंटेलेना आणि स्टॅग्ज लीप. त्यांच्यापुढे अव्वल फ्रेंच बाटल्या होत्या. आमच्यापुढे फक्त आमची चूक होती.

त्या संध्याकाळचे माणशी अडीच पडले. एका फ्लाइटपेक्षा जरा जास्त. पण वायनरीत एकाच उत्पादकाच्या पाच वेगवेगळ्या वाईन समोर येतात, इथे एकाच द्राक्षाच्या पाच उत्पादकांच्या. आपल्याला काय आवडतं हे मला दोन्ही सफरींपेक्षा या टेबलावर जास्त कळलं. पिंप, माती, छाटणी यातलं काही मात्र टेबलावर कळलं नसतं.

एक देणं

शेवटी वाटणीचा प्रश्न आला. दुसऱ्या दिवशीचा खर्च चौघांत सारखा वाटायचा का? भावोजींनी गाडी चालवली, घोटही घेतला नाही, मग फीचा चौथा हिस्सा त्यांनी का सोसावा? मित्राने वही काढली. टेस्टिंगची फी तिघांत, इंधन आणि शिदोरीही तिघांत, आणि चालकाचा मोबदला म्हणून बागायतदाराच्या तिन्हींपैकी एक बाटली भावोजींनी स्वतः निवडायची, असं ठरलं. त्यांनी अर्थातच वहीत ‘हो’ असलेली निवडली.

ती त्यांनी पंधरा दिवसांनी उघडली. आम्ही तिथेच होतो. त्यांनी एक घोट घेतला, म्हणाले, “थोडी मुकी आहे, पण चालतंय की.” ताईने ग्लास नाकाशी नेला आणि लगेच खाली ठेवला. “पावसात भिजलेला पुठ्ठा,” ती म्हणाली.

बुचाला ट्रायक्लोरोअॅनिसोल नावाच्या रसायनाचा संसर्ग झाला की नेमका हाच वास येतो. लिटरमागे काही अब्जांश ग्रॅम असलं तरी नाकाला कळतं, आणि कळलं नाही तरी फळाचा वास मारून टाकतं. त्याने आजारी पडत नाही कोणी, वाईन फक्त मरते. दुकानात किंवा हॉटेलात अशी बाटली सांगितल्यावर बहुतेक वेळा बदलून मिळते. बागायतदार दिवसभराच्या अंतरावर होता, आणि भावोजी म्हणाले, त्याला फोन करून हे सांगायचं नाही.

दिवसभर न पिता ज्याने आम्हाला फिरवलं त्याच्या वाट्याला हीच बाटली यावी, याला काय म्हणायचं? मित्राने वहीत भावोजींच्या नावावर पाच जमा दाखवले. पुढच्या खेपेला गाडी मी चालवणार आहे. पाकीट कोणाकडे द्यायचं ते अजून ठरलेलं नाही.